‘खेळात राजकारण नको’ हे नेमकं सांगायचं कुणाला?

कुठल्यातरी खेळाडूने मैदानात गुडघा टेकला, दंडाला पट्टी बांधली नाहीतर एखादी मॅच खेळायलाच नकार दिला की आपल्याकडे तोच वाद पेटतो आणि दोन दिवसांनी त्याच वाक्यावर येऊन आपटतो, की खेळात राजकारण आणू नका. यावेळी त्या भांडणात कुणीतरी १९५१ सालच्या सॅन फ्रान्सिस्को युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल टीमची गोष्ट आणून टाकली आणि मजा म्हणजे दोन्ही पार्ट्यांनी ती आपापल्या बाजूने वापरली. एक पार्टी म्हणाली बघा काय टीम होती, दोन काळ्या सहकाऱ्यांसाठी सगळ्यांनी मोठ्या मॅचवर पाणी सोडलं, डोळ्यात पाणी आलं वगैरे. दुसरी म्हणाली बघा काय झालं शेवटी, तत्त्व धरून बसले, पैसा गेला आणि टीमच बंद पडली. मला हे दोन्ही युक्तिवाद कच्चे वाटतात, कारण दोघंही सगळा वेळ त्या विशी-बाविशीतल्या पोरांकडेच बघतायत, त्यांनी बरोबर केलं का चूक केलं. माझं म्हणणं साधं आहे, त्या खेळात राजकारण त्या पोरांनी आणलंच नव्हतं, ते आमंत्रण देणाऱ्यांच्या टेबलावर आधीपासून बसलेलं होतं, आणि जाब विचारायचाच असेल तर अट घालणाऱ्याला विचारायला हवा. आपण तो दरवेळी नकार देणाऱ्याला विचारतो.

आधी गोष्ट नीट सांगतो, कारण फॉरवर्डमध्ये ती चार ओळींची होऊन जाते. हा फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, लांबुळका बॉल आणि हेल्मेटवाला. युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को ही जेझुइट पाद्र्यांची छोटी संस्था, आपल्या मुंबईच्या झेवियर्ससारखी त्याच परंपरेतली. टीमचं नाव डॉन्स, कोच ज्यो कुहारिच. १९५१ च्या सीझनला ते नऊ मॅच खेळले आणि नऊच्या नऊ जिंकले. सान होजे स्टेटला ३९-२ ने उडवलं, न्यूयॉर्कला जाऊन फोर्डमला ३२-२६ ने हरवलं, आणि ती एकच मॅच अशी की जिथे त्यांना खरोखर घाम फुटला. त्या मॅचमध्ये ऑली मॅटसनने दोन किकऑफ पकडून थेट टचडाउनपर्यंत पळवले. हा मॅटसन म्हणजे टेक्सासच्या ट्रिनिटी गावात जन्मलेला काळा पोरगा, त्या वर्षी अख्ख्या देशात बॉल घेऊन सगळ्यात जास्त पळालेला खेळाडू, १,५६६ यार्ड आणि २१ टचडाउन. दुसरा काळा खेळाडू बर्ल टोलर, मेम्फिसचा, लाइनबॅकर. बाकी जिनो मार्केटी, जो शाळा सोडून दुसऱ्या महायुद्धात जर्मनांशी लढून आलेला इटालियन घरातला पोरगा, मग बॉब सेंट क्लेअर, क्वार्टरबॅक एड ब्राउन. आणि टीमच्या बातम्या पेपरवाल्यांकडे पोचवायचं काम करणारा तरुण म्हणजे पीट रोझेल, जो पुढे जवळपास तीस वर्षं एनएफएलचा, म्हणजे अमेरिकेतल्या प्रोफेशनल फुटबॉल लीगचा, कमिशनर झाला. या एका कॉलेज टीममधले मॅटसन, मार्केटी आणि सेंट क्लेअर असे तिघं पुढे प्रोफेशनल फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले. एवढीशी संस्था आणि एवढा माल, असं पुन्हा कुठे झालेलं मला तरी माहीत नाही.

आता बोल गेम काय असतो ते सांगायला लागेल. सीझन संपला की १ जानेवारीच्या आसपास मोठ्या प्रदर्शनी मॅच व्हायच्या, मायामीचा ऑरेंज बोल, शुगर बोल, गेटर बोल, आणि यातल्या बऱ्याचशा दक्षिणेत, म्हणजे काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवणाऱ्या राज्यांत. तिथे जायला लीगचे पॉइंट कामाला यायचे नाहीत, स्थानिक आयोजकांच्या कमिट्या आमंत्रण द्यायच्या. म्हणजे लग्नातल्यासारखंच, पत्रिका कुणाला पाठवायची ते यजमान ठरवणार, आणि १९५१ मध्ये यजमानांचं म्हणणं असं की या, आनंदाने या, फक्त ते दोघं घरी ठेवा. दक्षिणेतल्या बोलवाल्यांना काळे खेळाडू असलेली टीम नको होती ही गोष्ट तेव्हाच सॅन फ्रान्सिस्कोत बाहेर आली होती. मॅटसन आणि टोलरला सोडून आलात तर चालेल असा निरोप टीमपर्यंत पोचला आणि टीम नाही म्हणाली. खेळाडूंनी पुढे अनेक वर्षं मुलाखतींमध्ये सांगितलं की यावर वाद असा झालाच नाही. शेवटची मॅच पॅसाडेनाच्या रोझ बोल स्टेडियममध्ये लोयोलाविरुद्ध झाली, २०-२ ने जिंकले आणि संपलं.

आता विरोधी बाजूचे मुद्दे, कारण ते फालतू नाहीयेत. पहिला मुद्दा असा की डॉन्सचं वेळापत्रक हलकं होतं. हे खरंच आहे. नऊपैकी दोन मॅच एकाच सान होजे स्टेटशी, एक कॅम्प पेंडलटनच्या मरीन्सशी, म्हणजे तगड्या तगड्या टीमा त्यांनी अंगावर घेतल्याच नाहीत, आणि पत्रकारांच्या मतांवरून ठरणाऱ्या शेवटच्या एपी रँकिंगमध्ये ते चौदावे होते, पहिले-दुसरे नाही. तेव्हा कमिटी म्हणू शकते की बाबांनो आम्ही खेळ बघून ठरवलं. ठीक आहे, मग एक सांगा, ज्या कॉलेज ऑफ पॅसिफिकला याच डॉन्सनी स्टॉकटनमध्ये जाऊन ४७-१४ ने धुतलं, त्या पॅसिफिकला टेक्सासमधल्या एल पासोच्या सन बोलचं आमंत्रण कसं काय मिळालं? हरलेली टीम बोलला लायक आणि जिंकलेली नालायक, हा कुठला हिशेब? यावर कुणी चतुर माणूस म्हणेल की पॅसिफिककडेही एडी मेकन नावाचा काळा खेळाडू होता आणि तो सन बोलमध्ये खेळला, मग रंगाचा प्रश्न कुठे आला? चांगला मुद्दा आहे, पण तो उलटा पडतो. टेक्सासच्या एका टोकाला असलेल्या गावातली कमिटी काळा खेळाडू उतरवू शकत होती आणि आभाळ कोसळलं नाही, याचा अर्थ मायामीवाल्यांची ‘आमच्याकडची परिस्थितीच तशी आहे हो’ ही सबब होती. परिस्थिती बदलता येत होती, बदलायची नव्हती एवढंच.

दुसरा मुद्दा पुराव्याचा. लेखी कागद दाखवा म्हणतात. अरे, असल्या अटी लेटरहेडवर येतात का कधी? त्या काळात उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या कॉलेजांमध्ये तोंडी समजूतच असायची, सभ्य माणसांचा करार म्हणायचे त्याला, की दक्षिणेत खेळायला येताना काळे खेळाडू आणायचे नाहीत. १९४० मध्ये न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीने मिझुरीला जाताना लेनर्ड बेट्सला घरी ठेवलं, विद्यार्थ्यांनी बेट्सला खेळवा म्हणून मोर्चे काढले, तर पुढच्या वर्षी सात विद्यार्थ्यांनाच सस्पेंड केलं. त्याबद्दल युनिव्हर्सिटीने त्यांचा जाहीर सन्मान केला तो २००१ साली. एकेक प्रकरण सुटं बघितलं तर प्रत्येकाला काहीतरी दुसरं कारण सापडतं, सगळी शेजारी ठेवा मग कळतं. आणि लांब जायची गरजच नाही, डॉन्सच्याच सीझनमध्ये, २० ऑक्टोबर १९५१ ला, ओक्लाहोमातल्या स्टिलवॉटरला ड्रेक युनिव्हर्सिटीचा जॉनी ब्राइट, तोही काळा, त्याच्याकडे बॉल नसताना त्याच्या तोंडावर मारून जबडा मोडला. फोटोग्राफरांनी ते फोटोंच्या मालिकेत पकडलं आणि त्यांना पुलित्झर मिळालं. फोटो सगळ्यांसमोर असूनही मारणाऱ्यावर कारवाई झाली नाही, शेवटी ड्रेकने त्या कॉन्फरन्समधूनच, म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटातूनच, अंग काढून घेतलं. म्हणजे कागद मागणाऱ्यांना फोटो मिळाला तरी काय फरक पडला?

तिसरा मुद्दा पैशाचा आणि तो मला सगळ्यात जड वाटतो. संस्था फुटबॉलवर तोट्यात होती, बोलच्या मॅचचे पैसे आले असते तर हातभार लागला असता, आले नाहीत, आणि सीझन संपल्यावर थोड्याच दिवसांत फुटबॉल बंद केल्याचं जाहीर झालं. नऊपैकी नऊ जिंकणारी टीम बंद! ज्या मुलांची अजून एक-दोन वर्षं बाकी होती, ज्यांची स्कॉलरशिप फुटबॉलवर होती, त्यांचं काय? तत्त्वाची किंमत तत्त्व सांगणारा क्वचितच भरतो, असं कुणी म्हणालं तर मी पटकन नाही म्हणणार नाही. पण जरा आजूबाजूला बघा. शेजारच्याच सेंट मेरीजने १९५० च्या सीझननंतर फुटबॉल बंद केलं होतं, लोयोलाने १९५१ नंतर केलं, सँटा क्लाराने १९५२ नंतर. पश्चिम किनाऱ्यावरच्या या सगळ्या लहान कॅथलिक कॉलेजांना मोठ्या फुटबॉलचा खर्च झेपत नव्हता, आणि त्यांच्यापैकी बाकी कुणाचं फुटबॉल बोलला नकार दिल्यामुळे बंद पडलं नव्हतं. तेव्हा एका बोलच्या चेकने डॉन्सचं कुंकू कायमचं वाचलं असतं ही कल्पना गोड आहे पण हिशेबात बसत नाही, फार तर अजून एखादं वर्ष निघालं असतं. नकारामुळे टीम बुडाली हे वाक्य म्हणून अर्धवट आहे, टीम बुडतच होती, आणि बुडणाऱ्याला दोर टाकताना मायामीवाले म्हणत होते की दोघांना सोडून या.

आणि दोघांना सोडून गेलं की काय होतं हे बघायला कल्पनाशक्ती लागत नाही, उदाहरण आहे. बॉस्टन कॉलेजचा लू मॉन्टगोमरी. १९४० च्या कॉटन बोलला टीम डॅलसला गेली, त्याला खेळवलं नाही. १९४१ च्या शुगर बोलला टीम न्यू ऑर्लिन्सला गेली, पुन्हा त्याला खेळवलं नाही, टेनेसीला १९-१३ ने हरवून ट्रॉफी घेऊन आले. प्रॅक्टिकल निर्णय, पैसे मिळाले, नाव मिळालं. त्यामुळे दक्षिणेतली एक तरी कमिटी सुधारली का? दहा वर्षांनी डॉन्सना तीच अट आली यावरून काय ते समजा. आधी आत शिरा आणि मग आतून बदल घडवा, हा सल्ला ऐकायला शहाणा वाटतो, पण आत शिरायची अटच जर ‘बदल बाहेर ठेवून या’ अशी असेल तर आतून काय कप्पाळ बदलणार?

इथे लोक बॉबी ग्रायरचं नाव घेतात, की बघा तो खेळला आणि खेळून इतिहास घडवला, नकाराने नाही. २ जानेवारी १९५६, शुगर बोल, पिट्सबर्गचा ग्रायर हा तिथे खेळलेला पहिला काळा खेळाडू. पण तो खेळू कसा शकला ते कुणी सांगत नाही. पिट्सबर्गमध्ये घोषणा होती ग्रायर नाही तर मॅच नाही. म्हणजे त्याच्या खेळण्याच्या पाठीशी नकारच उभा होता, फक्त तो वापरायची वेळ आली नाही. आणि विरुद्ध बाजूला जॉर्जियाचा गव्हर्नर मार्विन ग्रिफिन जॉर्जिया टेकला मॅचपासून रोखायला निघाला होता, तर त्याच टेकची गोरी पोरं रस्त्यावर उतरली आणि गव्हर्नरच्या बंगल्यापर्यंत गेली. त्यातल्या बहुतेकांना समानतेचं फार काही पडलेलं नव्हतं, त्यांना आपली मॅच हवी होती, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण ग्रिफिन काय म्हणाला ते महत्त्वाचं. तो म्हणाला की मैदानावर तडजोड करणं आणि शाळेच्या वर्गात तडजोड करणं यात काही फरक नाही. घ्या! मैदान आणि राजकारण एकच आहे हे सांगणारा कुणी आंदोलक नव्हता, राज्याचा गव्हर्नर होता. त्याच १९५६ मध्ये लुइझियानाने काळ्या-गोऱ्यांनी एकत्र खेळायला बंदी घालणारा कायदाच केला, तो कोर्टात पडायला १९५९ उजाडलं. कायदा करणाऱ्यांना खेळात राजकारण नको असं कुणी सांगितलं होतं?

आता डोळ्यात पाणी आलेल्या पार्टीकडे वळतो, त्यांना सोडलं तर अन्याय होईल. त्यांची गोष्ट अशी सांगितली जाते की गोऱ्या सहकाऱ्यांनी केवढा त्याग केला. केला, मान्य, आणि १९५१ मध्ये तसं करणं सोपं नव्हतं. पण मॅटसन आणि टोलर या गोष्टीत नुसते कारण बनून राहतात. आपल्यामुळे तीस-चाळीस मित्रांची आयुष्यातली मोठी मॅच गेली हे डोक्यात घेऊन ते दोघं टीमच्या बसमध्ये कसे बसले असतील, याचा विचार कुणी करत नाही, आणि खरं तर त्यांच्या‘मुळे’ काही गेलंच नव्हतं हे तर अजिबातच नाही. मॅटसन पुढच्याच उन्हाळ्यात हेलसिंकी ऑलिम्पिकला गेला, ४०० मीटरमध्ये ब्राँझ आणि रिलेत सिल्व्हर घेऊन आला. (त्याच हेलसिंकीत आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत ब्राँझ घेतलं, ज्यांच्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या खर्डेकर सरांनी घर गहाण टाकलं होतं. कॉलेज खेळाडूच्या मागे उभं राहणं म्हणजे काय ते १९५२ मध्ये दोन टोकांना दिसलं.) टोलरचा गुडघा कॉलेज ऑलस्टार मॅचमध्ये गेला आणि प्रोफेशनल खेळणं संपलं, तर तो शिक्षक झाला, पुढे प्रिन्सिपल, आणि १९६५ मध्ये एनएफएलचा पहिला काळा पंच म्हणून मैदानात उतरला. त्यांच्या युनिव्हर्सिटीत एका होस्टेलला जेम्स फेलन नावाच्या सिनेटरचं नाव होतं, ज्याची निवडणुकीतली घोषणा होती कॅलिफोर्निया गोरा ठेवा. २०१७ मध्ये ते नाव काढून टोलरचं दिलं. अश्रू ढाळण्यापेक्षा हे काम जास्त बरं, कारण यात निदान दुसऱ्या बाजूचं नाव तरी घेतलं गेलं. फॉरवर्डमध्ये कमिटीवाल्यांचं नाव कधी वाचलंय का तुम्ही? त्याग करणारे आठवतात, मागणारे गुप्त.

हे सगळं अमेरिकेचं झालं, आपल्याला काय, असं वाटत असेल तर पुण्याच्या पाळवणकर बंधूंकडे बघा. बाळू पाळवणकर, चांभार समाजातला, डावखुरा स्पिनर, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर शंभराहून जास्त विकेट घेऊन आला. पुण्यात हिंदूंच्या टीमला तो बोलिंगसाठी हवा होता पण चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. मुंबईच्या स्पर्धेत हिंदूंच्या टीमचं कॅप्टनपद त्याला कधी मिळालं नाही, आणि ‘जातीमुळे देत नाही’ असं कुठल्या कागदावर लिहिलं होतं थोडंच? तिथेही अनुभव, शिक्षण, मान असली कारणं होतीच. १९२० मध्ये त्याचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी या वागणुकीचा निषेध म्हणून टीममधून अंग काढून घेतलं. तेव्हाही त्यांच्यावर नाराज होणारे होते, की स्पर्धेच्या तोंडावर हे काय. आणि १९२३ मध्ये विठ्ठल हिंदूंचा कॅप्टन झाला, स्पर्धा जिंकला आणि लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. मधल्या तीन वर्षांत फक्त मनं आपोआप मोठी झाली असं ज्याला मानायचंय त्याने मानावं.

एक गोष्ट मात्र मला या बाजूने बोलतानाही टोचते. १९७४ मध्ये भारत डेव्हिस कपच्या फायनलला पोचला, समोर वर्णभेदवाला दक्षिण आफ्रिका, आणि आपण खेळलोच नाही, कप त्यांना वॉकओव्हरने गेला. विजय आणि आनंद अमृतराज तेव्हा फॉर्मात होते, जिंकायची खरीखुरी संधी होती. देशाची भूमिका मला पटते, आजही. पण तो निर्णय खेळाडूंनी एकत्र बसून घेतलेला नव्हता, तो वरून आला, आणि किंमत खाली भरली गेली. डॉन्सचं तसं नव्हतं, ज्यांचं जाणार होतं त्यांनीच नाही म्हटलं, विठ्ठल आणि शिवरामचंही तेच. या दोन प्रकारच्या नकारांना एकाच मापाने मोजता येत नाही, आणि आपल्याकडे हल्ली जे बहिष्कार गाजतात त्यातले बरेचसे दुसऱ्या प्रकारचे असतात, म्हणजे स्टुडिओत बसलेला माणूस ठरवतो आणि बावीस वर्षांचा पोरगा करिअरमधलं वर्ष घालवतो. तेव्हा खेळात राजकारण नको हे वाक्य अगदीच फेकून द्या असं मी म्हणत नाहीये. ते कमिट्यांना ऐकवा, गव्हर्नरांना ऐकवा, बोर्डांना आणि मंत्र्यांना ऐकवा. मॅटसनशेजारी बसलेल्या मार्केटीला ऐकवायचं काही कारण नाही.